तिसरं शेड

जयंती नाल्याच्या कठड्यावरून
सुतळीला बांधलेली बाटली मी खाली सोडते.
रसाच्या गाड्यावरचा पोरगा विचारतो,
"ताई, काय घावतंय तितं?"
मी म्हणते, औषध.
तो लिंबू पिळतो आणि शेजारच्याला सांगतो,
लई शिकली की असं हुतंय.

शिकले ते एवढंच,
की जिथं जंतू माजतात
तिथंच त्यांना खाणारेही असतात,
इतके बारके, की त्यांना जिवंत म्हणावं का
हे भांडण अजून मिटलेलं नाही.

राजारामपुरीत, पिठाच्या गिरणीवर आमची खोली.
गिरणी चालू झाली की काचेच्या नळ्या किणकिणतात.
सकाळी बशी उघडली :
जंतूंचा दाट, दुधट थर
आणि त्यात भोकं,
आंबोळीला जाळी पडावी तशी.
मी एकटीच होते. तरी मोठ्यानं म्हटलं, पडली.

मामाच्या अहवालात जाळी नव्हती.
शाहूपुरीत रेडिएटर दुरुस्त करायचा तो;
पत्रा लागला तळहाताला, एवढंच.
सीपीआरच्या खाटेवर त्यानं कागद माझ्याकडं दिला,
"तू वाच, तुला कळतंय."
औषधांची नावं, आणि प्रत्येकापुढं
आर, आर, आर, आर.
म्हणजे चालत नाही. हेही चालत नाही.
ते कोंबड्यांच्या खाद्यामुळं झालं असं मी म्हणत नाही.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.
मामा मात्र एकच होता.

शिवाजी पूल ओलांडून वडणग्याला,
दस्तगीर मुल्लाणींची तीन शेडं.
पहिल्यात कंपनीच्या एजंटाची पांढरी पावडर,
आजार असो नसो, चिमूटभर रोज.
दुसऱ्यात माझं नाल्यातून गाळलेलं, तपासलेलं पाणी.
तिसऱ्यात काही नाही. नुसतं दाणापाणी.

"तिसऱ्यानं काय गुन्हा केलाय?" जैतूनबी म्हणाल्या.
मी म्हटलं, तुलना करायला लागते.
"तुलना करायला घरात दोन सुना हायत की."

रोज पहाटे पक्षी उलटा धरायचा,
काट्याला टांगायचा, वहीत लिहायचं.
भुशाचा आणि अमोनियाचा वास
केसांतून उतरत नाही, बसमध्ये बाया सरकून बसतात.
एकविसावा दिवस. पहिल्यात मेली नऊ, दुसऱ्यात अकरा.
तिसऱ्यात चार.

तिसऱ्यात मरायला पाहिजेत ती मरेनात.
मी आकडे पुन्हा जुळवले, पिंजरे पुन्हा मोजले,
आणि एका पहाटे, दव पडलेल्या बांधावर थांबून
स्वतःलाच पकडलं :
बाई, तू मरणाची वाट बघतेस.

त्याच पहाटे शेडात बॅटरी हलली.
जैतूनबी, पदर खोचलेला,
बादलीत ताक, ताकात ठेचलेला लसूण,
तिसऱ्या शेडाची भांडी भरत होत्या.
"पहिल्या दिसापास्नं," त्या म्हणाल्या.
"बाकीच्यास्नी काय ना काय मिळतंय.
ह्यांच्याच ताटात काय न्हाई, हे बघवंना."

दस्तगीरभाई मान खाली घालून आले.
"म्याडम, बिघडला काय हो प्रयोग?"
बिघडला, मी म्हटलं.
वहीवर तिरकी रेघ मारली, तारीख घातली.
सहा आठवड्यांचं काम, अनुदानाचा निम्मा हप्ता,
आणि माझा सगळा मार्च महिना त्या रेघेखाली.

चहा आला. कुणी बोललं नाही.
कोंबड्या दाणे टिपत होत्या, पावसासारखा आवाज पत्र्याखाली.
मग मी विचारलं,
लसूण किती घालता?
"मोजला न्हाई कवा. हाताला यील तेवढा."

मी काटा पुढं सरकवला.
त्यांनी टोपलीत हात घातला, मूठ भरली,
बांगड्या मागं सारून
पाकळ्या पारड्यात सोडल्या.
छत्तीस ग्रॅम.
"पुन्हा," मी म्हटलं.
पस्तीस.
"पुन्हा."
छत्तीस.

वहीचं नवं पान उघडलं.
पुढच्या खेपेला चार शेडं लागतील.
आणि जैतूनबींना, पहाटे,
कुठंतरी पाहुण्यांकडं पाठवावं लागेल.